तीस दिवसांत हजार काडतुसं: हरकत लिहायची कशी

बॉथेलहून आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ पंधरा वर्षं वॉशिंग्टन राज्यात आहेत, गेल्या वर्षी नागरिक झाले. घरात एक पिस्तूल, आणि मुलीसाठी घेतलेली .२२ ची रायफल. मुलगी कनिष्ठ गटात पन्नास मीटर रायफल खेळते. २०२५ च्या अधिवेशनात प्रतिनिधिगृहात एच. बी. ११३२ हे विधेयक आलं होतं: एका खरेदीदाराला तीस दिवसांत एकच बंदूक आणि एक हजारच काडतुसं, .५० कॅलिबर असेल तर शंभरच. त्या अधिवेशनात त्याचा कायदा झाला नाही. पण तसलं विधेयक पुन्हा येईल तेव्हा तयारीत असावं म्हणून त्यांनी चार पानी हरकत लिहून ठेवली आहे. ती सोबत जोडून ते विचारतात, "ताई, यात काय कमी आहे?"

कमी आहे ते थोडकंच. जास्त आहे, तेही साडेतीन पानं.

मी या राज्यात सोळा वर्षं वकिली करते. बंदुकीच्या परवान्यांची, आणि गेलेला हक्क परत मिळवण्याची प्रकरणं हे माझं रोजचं काम. त्याच्या जोडीला ऑलिम्पियाच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळाच्या, समित्यांपुढे लोकांची निवेदनं तयार करून देते, कधी स्वतः बोलते. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको: माझ्या घरी बंदूक आहे. आणि धोक्यात असलेल्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती बंदूक काढून घेण्याचा जो कायदा २०१६ साली इथल्या मतदारांनी केला, त्यालाही माझा पाठिंबा आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली, त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. वॉशिंग्टनमध्ये आत्महत्यांचा वाटा देशाच्या सरासरीहून जास्त आहे. माझ्या दोन अशिलांच्या घरी हे घडलेलं मी पाहिलंय. त्यामुळे "कुठलाही नवा कायदा म्हणजे जुलूम" या सुरातलं निवेदन माझ्याकडून लिहून होत नाही. पण ज्या कलमाने मुलीचा सराव बंद पडेल त्यावर हरकत घ्यायलाच हवी, आणि ती नेमकी घ्यायला हवी.

आता तुमची चार पानं.

पहिलं पान लॉर्ड लिटन आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यावर आहे. हसू नका, मीही हेच केलंय. पहिल्यांदा समितीपुढे बोलायला उभी राहिले तेव्हा ब्रिटिशांनी हिंदुस्थान नि:शस्त्र कसा केला इथपासून सुरुवात केली. कुडाळकडच्या आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक, रानडुकरांपासून भात राखायचा परवाना, निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, हे सगळं रंगवून सांगणार होते. लिटन संपायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या, धन्यवाद, वेळ संपली. विधेयकाचा क्रमांकसुद्धा माझ्या तोंडून निघाला नव्हता. आपल्याकडच्या माणसाला शस्त्र कायदा म्हटलं की इतिहास आठवतो, ते साहजिक आहे. पण समोर बसलेल्या माणसाला लिटन कोण हे ठाऊक नाही, आणि त्याचा या विधेयकाच्या कुठल्याही ओळीशी संबंध नाही. काढा.

दुसऱ्या पानावर तुम्ही म्हणता की नागरिकत्वाच्या शपथेनेच तुम्हाला शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला. हे चूक आहे, आणि अशी चूक सापडली की पुढचं कुणी मनावर घेत नाही. कायद्याने सांगितलं तर अमेरिकेच्या बाजूने शस्त्र धरीन, असं शपथेत आहे. ते कर्तव्य झालं, हक्क नव्हे. हक्क येतो संघराज्याच्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतून आणि वॉशिंग्टनच्या घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या २४ व्या कलमातून. त्या कलमात स्वतःच्या आणि राज्याच्या संरक्षणासाठी शस्त्र धारण करण्याचा व्यक्तीचा हक्क बाधित होणार नाही, असं स्पष्ट म्हटलंय.

याच ओघात इतर वाचकांसाठी, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना बंदूक घेता येते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगणं हाच मुळात गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, आणि वॉशिंग्टनचे स्वतःचे नियम त्याहून वेगळे. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणंसुद्धा "बाळगणं" ठरू शकतं. फोटो टाकण्याआधी नव्हे, जाण्याआधी वकिलाला विचारा. समितीपुढे मत मांडायला मात्र व्हिसा आड येत नाही, ते कुणालाही करता येतं.

तिसऱ्या पानावर न्यायालयांचे निकाल आहेत, मुख्यतः बंदुकीच्या हक्कावरचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे: हेलर २००८, मॅकडोनाल्ड २०१०, ब्रूएन २०२२. निकाल बरोबर आहेत, जागा चुकीची आहे. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. घटनाबाह्यतेवर दोन्ही बाजूंचे वकील तिथे बोलतातच, आणि समितीचे कर्मचारी स्वतः वकील असतात. तरी न्यायाचा मुद्दा घ्यायचाच असेल तर एकच घ्या, आणि नेमका तोच तुमच्याकडून सुटलाय. कॅलिफोर्नियात "महिन्याला एकच बंदूक" हा नियम होता. जून २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघराज्याच्या अपील न्यायालयाच्या, तीन न्यायाधीशांच्या पीठाने न्यूएन विरुद्ध बोंटा या खटल्यात तो घटनेत बसत नाही असं ठरवलं. वॉशिंग्टन त्याच सर्किटमध्ये येतं. हे एका वाक्यात सांगा आणि पुढे सरका. खटल्याची आजची स्थिती पाठवण्याच्या दिवशी तपासून घ्या, सर्किट न्यायालयात पीठाचा निकाल मोठ्या पीठापुढे जाऊ शकतो.

ब्रूएनचं अर्धं पान का काढायला सांगते, तेही सांगते. त्या निकालानंतर "हा नियम लोकांच्या हिताचा आहे का" एवढ्यावर भागत नाही, "देशाच्या इतिहासात असं नियमन होतं का" हे पाहावं लागतं. पण २०२४ च्या रहिमी निकालात त्याच सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की इतिहासातली हुबेहूब जुळी तरतूद दाखवायची गरज नाही. आणि आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवरची विक्रीबंदी सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली. काउलिट्झ काउंटीच्या न्यायाधीशाने वर्षभर आधी तीच बंदी रद्द केली होती. तुम्ही त्या न्यायाधीशाचा हवाला देता आणि पुढचा निकाल गाळता. विरोधी बाजूच्या प्रतिनिधीला तो पाठ असतो हो.

उरलं चौथं पान. त्याच्याही शेवटी, जणू आठवलं म्हणून लिहिल्यासारखं, मुलीच्या काडतुसांबद्दल सहा ओळी आहेत. तुमची हरकत त्या सहा ओळींतच आहे, बाकी कुणीही लिहिलं असतं.

समितीवरच्या माणसाला "हजार" हा आकडा अवाढव्य वाटतो. त्याच्या डोळ्यांसमोर लष्करी छावणी येते. त्याला दुकानातलं चित्र दाखवावं लागतं. .२२ ची पन्नास काडतुसांची डबी काडेपेटीहून जरा मोठी असते. अशा दहा डब्यांचा पाचशेचा गठ्ठा होतो, त्याला दुकानात वीट म्हणतात. दहा विटांची पाच हजारांची पेटी. म्हणजे विधेयकातली महिन्याची मर्यादा दोन विटा. तुमची मुलगी आठवड्याला चार दिवस जाते, दर वेळी शंभर-सव्वाशे गोळ्या. महिन्याचा हिशेब दोन हजारांच्या आसपास जातो. तीन पोझिशनच्या सामन्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने वीस-वीस अशा साठ गोळ्या मोजणीच्या, वर सरावाच्या वेगळ्या. एका स्पर्धेच्या आठवड्यातच निम्मी मर्यादा उडते.

आणि मुख्य गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, बहुधा घरात ती इतकी रोजची झाली आहे म्हणून. लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी एकत्र तयार झालेला माल. स्पर्धेची काडतुसं डबीवर छापलेल्या लॉट क्रमांकावरून घेतात. कंपनी तीच, प्रकार तोच, तरी एका लॉटची काडतुसं एका नळीतून सुरेख जातात आणि दुसऱ्याची पसरतात. म्हणून रायफल शिकंजात पक्की बसवून दहा-दहा गोळ्यांचे झुबके पन्नास मीटरवर मारून बघतात, कुठल्या लॉटचा झुबका लहान पडतो ते. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी स्वतःच साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर जाड. तिथे झुबका दोन मिलिमीटरने पसरला तर पोरीचा दोष नसताना गुण जातात. त्यामुळे जमलेला लॉट सापडला की लोक पेटीच्या पेटी उचलतात, कारण तो लॉट संपला की संपला. हजाराच्या मर्यादेत ती एक पेटी घ्यायला पाच महिने लागतील, आणि तोवर तो लॉट दुकानात टिकणार नाही.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात यामुळे नवं काहीतरी शिरतं. खरं म्हणजे कुणी दुष्टपणे हजार हा आकडा घातलेला नसतो. मसुदा लिहिणाऱ्याने लॉट हा शब्द ऐकलेला नसतो, एवढंच.

तुमच्या पत्रात स्वप्नील कुसाळे आहे. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या त्या मुलाने याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मीही मध्यरात्री उठून बसले होते. कोल्हापूरकडचं म्हटलं की ऊर भरून येतो. तरी ऑलिम्पियाच्या निवेदनात तो नको. तिथे मतदारसंघातली मुलगी लागते, राधानगरीतला मुलगा नाही. फार तर "हा ऑलिम्पिक प्रकार आहे" एवढे चार शब्द.

आता विधेयक वाचायचं कसं. तुम्ही बातमी वाचून हरकत लिहिली आहे, ते ओळखू येतं. मूळ मसुदा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतो. वॉशिंग्टनच्या मसुद्यात नवा मजकूर अधोरेखित असतो आणि काढायचा मजकूर दुहेरी कंसात घालून खोडलेला. प्रत्येक पानावर डावीकडे ओळींचे क्रमांक. हरकतीत "पान अमुक, ओळ अमुक" असं लिहिलंत की वाचणारा कर्मचारी तिथे बोट ठेवू शकतो. आणि व्याख्यांचं कलम आधी वाचा, नेहमी. या राज्यात एकाच वस्तूच्या दोन व्याख्या शेजारी नांदतात. २०१८ च्या १६३९ क्रमांकाच्या मतदार-प्रस्तावाने "सेमीऑटोमॅटिक असॉल्ट रायफल" ची व्याख्या इतकी रुंद केली की खारी मारायची साधी स्वयंभरणाची .२२ रायफलही तीत येते. २०२३ च्या एच. बी. १२४० मधली "असॉल्ट वेपन" ची व्याख्या वेगळी आहे: नावानिशी एक यादी, आणि त्यापुढे लक्षणं सांगताना रायफलींपुरती मुख्यतः सेंटरफायर काडतुसांची अट (त्यांत ठिणगीची दारू बुडाच्या मध्यभागी असते; .२२ मात्र रिमफायर, तिची दारू बुडाच्या कडेला). म्हणजे तीच .२२ पहिल्या व्याख्येत आत, दुसऱ्या व्याख्येतून सहसा बाहेर. तुमच्या मुलीची रायफल दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची आहे, त्यामुळे ती दोन्हींतून बाहेर. तरी तुम्ही पत्रात दोन ठिकाणी "आमची रायफल असॉल्ट रायफल ठरवतील" असं लिहिलंय. नाही ठरवणार. ती ओळ राहिली असती तर लॉटचा मुद्दाही तुमच्याबरोबर बुडाला असता.

तसंच "बंदुका काढून घेतील" हे वाक्य. मॅगझिनचा २०२२ चा कायदा आणि १२४० दोन्ही मुख्यतः तयार करणं, आणणं, विकणं यावर आहेत, घरात आधीपासून असलेली वस्तू जवळ ठेवण्यावर नाहीत. तीस दिवसांचं विधेयकही खरेदीवरच आहे. जे लिहिलेलं नाही त्यावर हरकत घेऊ नका.

विधेयकाच्या बंदुकांवरच्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे "तीस दिवसांत एकच" यावर, तुमची बाजू मुळात दुबळी आहे. पंधरा वर्षांत तुम्ही दोन बंदुका घेतल्या. तुम्हाला त्या मर्यादेचा त्रास काय झाला असता? काहीच नाही. ते समितीलाही दिसतं. या मर्यादेमागचं कारणही पोकळ नाही: एकाच माणसाने दहा पिस्तुलं उचलायची आणि ज्यांना कायद्याने मिळत नाहीत त्यांना विकायची, हा धंदा खरा आहे. व्हर्जिनियाने १९९३ साली याच कारणासाठी महिन्याला एकच पिस्तूल असा नियम केला, २०१२ मध्ये उठवला आणि २०२० मध्ये परत आणला. एवढ्या उलथापालथीतून दोन्ही बाजूंना हवं ते काढता येतं.

तरी इथेही विचारण्यासारखा एक प्रश्न आहे, आणि तो कुणी फारसा विचारत नाही. एकाच विक्रेत्याकडून पाच लागोपाठच्या कामकाजी दिवसांत दोन किंवा जास्त पिस्तुलं घेतली, तर तो विक्रेता संघराज्याच्या एटीएफ या खात्याला आजही वेगळा अहवाल भरून देतो, आणि त्याची प्रत स्थानिक किंवा राज्याच्या पोलिसांकडेही जाते. शिवाय जानेवारी २०२४ पासून या राज्यात बंदूक घेताना गेल्या पाच वर्षांतल्या सुरक्षा प्रशिक्षणाचा पुरावा आणि कामकाजाचे दहा दिवस थांबणं आहेच. २०२५ मध्ये झालेल्या एच. बी. ११६३ नुसार १ मे २०२७ पासून तर खरेदीआधी स्वतंत्र परवाना लागेल: बोटांचे ठसे, रेंजवर प्रत्यक्ष गोळ्या झाडून दाखवणं, सगळं. तेव्हा समितीला विचारा: ते अहवाल आज कोण उघडून बघतं, आणि त्यावरून किती तपास झाले? हा प्रश्न खवचटपणे नको, साधेपणाने विचारा. उत्तर मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तर एखादा सदस्य तोच प्रश्न पोलिसांच्या प्रतिनिधीला टाकतो, आणि मग खोलीतली हवा बदलते. असं दोनदा झालेलं मी पाहिलंय.

काडतुसांच्या बाबतीत दुसराही कच्चा दुवा आहे. वॉशिंग्टनमध्ये काडतुसांच्या खरेदीची राज्याच्या पातळीवर कुठे नोंद होत नाही. मग हजार मोजणार कोण? बंधन विक्रेत्यावर असेल तर माणूस या दुकानातून हजार आणि पलीकडच्यातून हजार घेणार. ते थांबवायचं तर सगळ्या दुकानांची एक नोंदवही लागेल, आणि तिचा खर्च विधेयकासोबतच्या खर्चपत्रकात यायला हवा. ते पत्रक संकेतस्थळावर विधेयकाच्या पानावरच असतं. मधला मार्ग असा की नोंदवही नाही, मर्यादा मात्र आहे. त्यात अडकतो तो एकाच ओळखीच्या दुकानात जाणारा सरळ माणूस. म्हणजे तुम्हीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या चार पानांत कुठेच नाही: मग करायचं काय? नुसतं "हे विधेयक फेटाळा" म्हणणारे शेकड्यांनी असतात. संकेतस्थळावर बाजूने किंवा विरोधात नाव नोंदवता येतं. बंदुकीच्या विधेयकांवर मी पाहिलेल्या बहुतेक सुनावण्यांत विरोधातला आकडा मोठा होता, आणि तरी विधेयकं पुढे गेली. आपल्याकडे जनसुरक्षा विधेयकावर हजारोंनी हरकती-सूचना गेल्या, त्याचं पुढे काय झालं ते आठवा. नुसत्या आकड्याने मसुदा हलत नाही. हलतो तो तयार दुरुस्तीने. सदस्याला हातात धरता येईल असं एक वाक्य द्या. उदाहरणार्थ: "या पोटकलमातील मर्यादा .२२ कॅलिबरच्या रिमफायर काडतुसांना लागू होणार नाही." तेवढंच. क्लबचं ओळखपत्र, प्रशिक्षकाचं पत्र, असले फाटे फोडू नका. फाटा फुटला की तो तपासणारं खातं लागतं, खातं आलं की खर्च, आणि खर्च आला की दुरुस्ती मेली.

याला आधार म्हणून याच किनाऱ्यावरचं दुसरं राज्य दाखवता येतं. बंदुकांबाबत कॅलिफोर्नियाचे कायदे देशातल्या सर्वांत कडक कायद्यांत गणले जातात, पण तिथल्याही कायद्याने ऑलिम्पिक प्रकारांत वापरली जाणारी पिस्तुलं नावानिशी सूट देऊन वेगळी काढली आहेत. "कॅलिफोर्नियाने जे केलं तेवढं तरी करा" हे वाक्य बहुमतवाल्यांच्या कानाला खुपत नाही. त्यांना विधेयक वाचवून दुरुस्ती देता येते. तुम्हाला अख्खं विधेयक पाडायचं असेल तर हा सल्ला तुम्हाला पचणार नाही, माझ्या काही अशिलांनाही पचत नाही. एकजण तर रागावून दुसऱ्या वकिलाकडे गेला. पण दोन्ही सभागृहांत बहुमत कुणाचं आहे ते बघून बोलावं लागतं.

तुमच्या सहा ओळी मी अशा लिहीन (पाठवताना अर्थात इंग्रजीत):

"माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि पन्नास मीटर रायफल हा ऑलिम्पिक प्रकार खेळते. ती महिन्याला सुमारे दोन हजार .२२ काडतुसं वापरते, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली. स्पर्धेसाठी एकाच लॉटची पाच हजारांची पेटी घ्यावी लागते, कारण दुसऱ्या लॉटने नेम बदलतो. पान अमुक, ओळ अमुक इथल्या मर्यादेने ती पेटी घ्यायला पाच महिने लागतील. .२२ रिमफायर काडतुसं या पोटकलमातून वगळावीत, ही विनंती. दुरुस्तीचं वाक्य सोबत आहे."

मूळ पत्रात याच जागी "आमच्या निष्पाप मुलांच्या स्वप्नांवर सरकार बुलडोझर फिरवत आहे" असं होतं. तुम्हाला बरं वाटलं असेल लिहिताना, मान्य.

एक गोष्ट मात्र आजच्या आज काढा. तुम्ही लिहिलंय की तुमची रात्रपाळी असते, पत्नी घरी एकटी असते, पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात असतं. लेखी निवेदन ही सार्वजनिक नोंद आहे. ते तुमच्या नावासकट कुणालाही वाचता येतं. घरात काय आहे, कुठे आहे, घर कधी रिकामं असतं, यातलं अक्षरही नको. आणि खण उघडा असेल, तर निवेदनाचं नंतर बघू, आधी पेटी आणि कुलूप आणा. घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. हे वकील म्हणून नाही सांगत.

पाठवण्याचं तंत्र सोपं आहे. विषम वर्षी अधिवेशन १०५ दिवसांचं, सम वर्षी ६० दिवसांचं, सुरुवात जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी. असलं विधेयक प्रतिनिधिगृहात नागरी हक्क व न्याय समितीकडे जातं, सिनेटमध्ये कायदा व न्याय समितीकडे. सुनावणीची तारीख लागली की संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, सुरुवातीच्या एक तास आधीपर्यंत. लेखी निवेदन सुनावणी सुरू झाल्यापासून चोवीस तासांपर्यंत देता येतं. बोलायचं असेल तर घरून व्हिडिओवरही बोलता येतं. बॉथेलहून ऑलिम्पियाला निघालात तर टॅकोमाच्या पुढे लष्करी तळापाशी रस्ता तुंबतो आणि तुमचा क्रमांक निघून जातो. बोलायला एक-दोन मिनिटं मिळतात, यादी मोठी असली की एकच. घड्याळ लावून साठ सेकंदांत वाचून बघा. जमलं तर मुलीलाच बोलू द्या. मुलं बोलायला लागली की सदस्य फोनवरून मान वर करतात.

सगळ्या १४७ सदस्यांना ईमेल टाकत बसू नका. तुमच्या मतदारसंघाचे तीनच असतात, एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी. त्या तिघांच्या कार्यालयांना सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात फोन करा, पत्ता सांगा, दुरुस्तीचं वाक्य पाठवा. आणि समितीवरच्या अल्पमतवाल्या सदस्यालाही पाठवा, दुरुस्त्या मांडायला ते उत्सुक असतात. सुनावणीनंतर समिती पुन्हा बसते ती मतदानाला, त्या बैठकीत जनतेचं कुणी ऐकत नाही. दुरुस्ती त्याच्या आत कुणाच्या तरी नावावर गेलेली असली पाहिजे. विधेयकाच्या अखेरीस तातडीचं कलम आहे का तेही बघून ठेवा. ते असलं की कायदा लगेच लागू होतो आणि सह्या गोळा करून तो मतदारांपुढे न्यायची वाट बंद होते. १२४० ला ते होतं.

मुलीच्या सध्याच्या पेटीचा लॉट क्रमांक आणि ती किती तारखेला संपली ते लिहून ठेवायला सुरुवात करा, तिच्या सरावाच्या वहीत असेलच. सुनावणीत कुणी विचारलं की महिन्याला दोन हजार कशावरून, तर ती वही दाखवायची.